वाघाचा माग आणि हातातला संगणक

ऊर्जानगर ही चंद्रपूर महाऔष्णिक वीजकेंद्राची वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, वसाहत वाढली आणि ताडोब्याच्या जंगलातले वाघ-बिबटे तिच्या झुडपांपर्यंत येत राहिले. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राचा एक कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला. पाठोपाठ शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. वाघ नेमका कुठे फिरतो, हे इथे घराघराला कळायला हवे असते.

ही नोंद फार वर्षे काच, कागद आणि प्लास्टरवर चालली. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ मध्ये पगमार्कची, म्हणजे पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची, पद्धत बसवली. वनरक्षक मातीतल्या ठशावर काच धरायचा, कडा गिरवायचा, प्लास्टरचा साचा काढायचा. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पाचे वास्तव उघडे पडले: कागदावर वाघ होते, जंगलात एकही नव्हता. पुढच्याच वर्षीपासून देशातली गणना कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्राच्या आधाराने होऊ लागली.

माग नोंदवण्याच्या याच कामासाठी हातात मावणाऱ्या संगणकावरचे सॉफ्टवेअर त्याआधीच दक्षिण आफ्रिकेत घडले होते. लुई लीबेनबर्ग माग काढणाऱ्यांचा अभ्यास करत होते. १९९६ च्या सुमारास त्यांनी जस्टिन स्टीव्हन्टन या संगणकाच्या विद्यार्थ्याला हाताशी धरून 'सायबरट्रॅकर' तयार केले, आधी ॲपलच्या न्यूटनवर, मग पामपायलटवर. कारू राष्ट्रीय उद्यानातले माग काढणारे कारेल बेनाडी यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण काळ्या गेंड्याच्या खुणा ते पानासारख्या वाचत. म्हणून पडद्यावर अक्षरे नव्हती, चित्रे होती. आधी प्राणी निवडायचा, मग तो काय करतो आहे ते. जागा आणि वेळ जीपीएसवरून आपोआप चिकटायची. मोबाइल ॲपच्या अभ्यासक्रमात पहिला धडा खरे तर हाच असावा. इथे जाणकार माग काढणारा होता आणि प्रोग्रामर त्याच्या मागे चालला.

भारतात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० मध्ये गस्तीच्या नोंदींसाठी 'एम-स्ट्राइप्स' ही प्रणाली आणली. २०१८ च्या गणनेत ती अँड्रॉइड ॲप म्हणून वनरक्षकांच्या हातात होती. ती गणना देशात २,९६७ वाघांवर थांबली.

ताडोब्यात आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, पहाटे निघालेला वनरक्षक हे ॲप सुरू करतो. ट्रान्सेक्टवर, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या दोन किलोमीटरच्या रेषेवर, चितळाचा कळप दिसला, की संख्या, अंतर आणि दिशा नोंदवतो. वाघाची विष्ठा किंवा ओरखडे दिसले, तर फोटो काढतो. चाललेली वाट फोनमध्ये आपोआप उमटते, त्यामुळे न चालता कागद भरणे अवघड होते. जंगलात मोबाइलची रेंज नसते. पण जीपीएसला ते नेटवर्क लागत नाही. नोंद फोनमध्येच साठते आणि चौकीवर किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात परतल्यावर पुढे जाते.

ॲप लिहायला शिकणाऱ्याला इथे तीन अवघड गोष्टी एकत्र भेटतात. नेटवर्कशिवाय माहिती जपायची, दिवसभर बॅटरी पुरवायची आणि मे महिन्याच्या उन्हात पडदा वाचता यायला हवा. अशा शिकणाऱ्यांसाठी चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे. ॲप उघडून दाखवायला आणि चुका सांगायला वनरक्षक, वनमजूर तिथून तासाभराच्या वाटेवर आहेत.