'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट': दहा वर्षांनी बोललेले युद्ध

पहिले महायुद्ध थांबले नोव्हेंबर १९१८ मध्ये. एरिक मारिया रेमार्कची ही कादंबरी बर्लिनच्या एका दैनिकात क्रमशः येऊ लागली ती नोव्हेंबर १९२८ मध्ये. मधल्या दशकात जर्मनीत सम्राट गेला, प्रजासत्ताक आले, १९२३ च्या चलनवाढीत मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी कवडीमोल झाली. पराभवाचे खापर मात्र अनेकांनी सेनापतींऐवजी घरभेद्यांवर फोडले.

रेमार्कचा नायक पाउल मास्तरांच्या भाषणांनी भारून वर्गमित्रांसह भरती होतो आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये मरतो. त्या दिवशीच्या लष्करी पत्रकानुसार पश्चिमेला नवे काही नाही. मूळ जर्मन शीर्षक हेच. या मरणात घरभेदी कोणीच नाही. राष्ट्रवाद्यांची खरी अडचण, माझ्या मते, हीच होती.

१९२९ मध्ये पुस्तक निघाले आणि दोन वर्षांच्या आत जर्मनीतच सुमारे दहा लाख प्रती खपल्या. डिसेंबर १९३० मध्ये त्यावरचा अमेरिकी चित्रपट बर्लिनला लागला, तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी चित्रगृहात पांढरे उंदीर सोडले. सरकारने बंदी घातली ती चित्रपटावर! मे १९३३ मध्ये पुस्तकाची होळी झाली.

रेमार्क तोवर देशाबाहेर होता. धाकटी बहीण एल्फ्रीडे मागे राहिली. जर्मनी हे दुसरे युद्ध हरल्यातच जमा आहे, असे बोलल्याबद्दल डिसेंबर १९४३ मध्ये तिचा शिरच्छेद करण्यात आला.