हॅमेट, डॅशिएल

(२७ मे १८९४–१० जानेवारी १९६१). अमेरिकन कादंबरीकार व कथाकार; वास्तववादी गुप्तहेरकथेच्या प्रवर्तकांपैकी एक. संपूर्ण नाव सॅम्युएल डॅशिएल हॅमेट. जन्म मेरिलँड राज्याच्या सेंट मेरीज परगण्यात. लहान वयातच शाळा सोडून त्याने किरकोळ नोकऱ्या केल्या. १९१५ मध्ये तो पिंकर्टन ह्या खाजगी गुप्तहेर संस्थेत दाखल झाला. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्याला क्षयाने ग्रासले. प्रकृतीमुळे गुप्तहेराचे काम पुढे सोडावे लागले आणि सॅन फ्रॅन्सिस्को येथे तो लेखनाकडे वळला.

१९२२ पासून त्याच्या कथा नियतकालिकांतून येऊ लागल्या. त्यांपैकी बहुतेक ब्लॅक मास्क ह्या स्वस्त मासिकात प्रसिद्ध झाल्या. तत्कालीन इंग्रजी गुप्तहेरकथेत गुन्हा हे बहुधा एक बुद्धिगम्य कोडे असे. हॅमेटने लोभ, सत्ता आणि भ्रष्टाचार ह्यांतून उद्‌भवणारा गुन्हा रंगविला. रेड हार्वेस्ट (१९२९) मध्ये खाणमालक, गुंड व पोलीस ह्यांच्या संगनमताने नासलेले एक शहर आहे. द मॉल्टीझ फाल्कन (१९३०) मधील सॅम स्पेड हा गुप्तहेर, जिच्याकडे तो ओढला गेला आहे, त्या स्त्रीलाच खुनाबद्दल पोलिसांच्या स्वाधीन करतो. द ग्लास की (१९३१) व द थिन मॅन (१९३४) ह्या त्याच्या अन्य उल्लेखनीय कादंबऱ्या. भावना बोलून न दाखविता कृती व संवाद ह्यांतून सूचित करणारी त्याची शैली रेमंड चँडलरसारख्या लेखकांना मार्गदर्शक ठरली.

१९३४ नंतर त्याने एकही कादंबरी पूर्ण केली नाही. डाव्या चळवळींत तो सक्रिय होता. दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा सैन्यात भरती झाला. १९५१ मध्ये जामिनावर सुटलेले काही कम्युनिस्ट पुढारी फरारी झाले. जामिनाच्या निधीचा हॅमेट हा एक विश्वस्त होता. देणगीदारांची नावे सांगण्यास त्याने न्यायालयात नकार दिला. परिणामी न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यास सहा महिन्यांची शिक्षा झाली. १९५३ मध्ये सेनेटर मॅकार्थीच्या समितीसमोरही त्याची चौकशी झाली. कर-थकबाकी व आजार ह्यांमुळे त्याची अखेरची वर्षे हलाखीत गेली. न्यूयॉर्क येथे तो निधन पावला. दोन्ही महायुद्धांतील सैनिक ह्या नात्याने आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्याचे दफन झाले.

स्वतःच्या नीतिनियमांसाठी हानी सोसणारा नायक त्याने निर्माण केला. त्याच्या नायकांची ही निष्ठा त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही दिसून येते.