पडद्यावरचें खेडें आणि पाटाचें पाणी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे ॲरन नांवाचीं तीन लहान बेटें आहेत. रॉबर्ट फ्लॅहर्टी या अमेरिकन दिग्दर्शकानें तेथील लोकांच्या जीवनावर ‘मॅन ऑफ ॲरन’ नांवाचा चित्रपट काढला. तो १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. खवळलेला समुद्र, काळेभोर खडक, चिमूटभर मातीसाठीं झगडणारें एक कुटुंब, आणि लहानशा नावेंतून प्रचंड माशाची भाल्यानें केलेली शिकार, असें त्याचें स्वरूप. जगानें तें सारें खरें मानलें. पण ती शिकार बेटावर अर्ध्या शतकाहून अधिक काळ बंद पडलेली होती. ज्यांनीं ती पडद्यावर केली, त्यांना ती प्रथम शिकवावी लागली. कुटुंबही खरें कुटुंब नव्हतें. चेहरे पाहून निवडलेलीं माणसें एकत्र आणून तें बसविलें होतें.

शिकवून करविलेल्या त्या शिकारीची गोष्ट मला आमच्याकडील चित्रपट पाहतांना राहून राहून आठवते. मी बारामती तालुक्यांतील माळेगांव बुद्रुकचा. बोलपटांतलें मराठी खेडें मी लहानपणापासून पाहत आलों. त्यांत एक चिरेबंदी वाडा असतो. वाड्यांत झुबकेदार मिशांचा पाटील असतो. गांवाबाहेर तमाशाचा फड उतरलेला असतो. एक ध्येयवेडा मास्तर असतो, आणि पाणवठ्याकडे घागर घेऊन निघालेली एक मुलगी असते. पाऊस पडला तर पिकतें, न पडला तर सावकार दाराशीं येतो. आमच्या गांवाचा यांपैकीं कशाशींच कधीं संबंध नव्हता, असें मी म्हणणार नाहीं. माझी तक्रार वेगळी आहे. गांव पुढें गेलें आणि पडद्यावरचें खेडें जेथल्या तेथें उभें राहिलें.

आरंभ मात्र खोटेपणानें झाला नाहीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. आमच्याच तालुक्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं, बाजारच्या दिवशीं, शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. माणसें मारणें हा त्यांचा हेतु नव्हता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या, आणि ते हातीं लागतांच त्यांची होळी झाली. हा दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें. आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. सुप्याच्या दंग्याला बरोबर पन्नास वर्षें झालीं, त्या १९२५ सालीं बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरि आपटे यांची. जमीन गमावून शहरांतील गिरणीची वाट धरणाऱ्या तरुण शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम यांनीं केलें. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रपटांची चलती असतां, एक कुणब्याचें झोंपडें पडद्यावर आणावें असें बाबूरावांना वाटलें, हें लहान धाडस नव्हे. ज्या कागदापायीं सुप्यास आग लागली, तोच कागद या चित्रपटाचा खरा खलपुरुष होता. पुढें १९३६ सालीं बाबूरावांनींच त्याचा बोलपट केला.

परंतु त्या वेळींही आमच्याकडील खेडें बदलूं लागलें होतें. १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळानंतरच्या दशकांत नीरा नदीचा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या माळरानांत आला. भाटघरचें नवें मोठें धरण १९२८ सालीं पुरें झालें आणि कालव्याच्या पाण्याची शाश्वती वाढली. जेथें बाजरीची आशा धरून आभाळाकडे पाहायचें, तेथें ऊंस उभा राहिला, गुऱ्हाळें धडधडूं लागलीं. १९३० नंतर थोड्याच वर्षांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर वसलें. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्याच दशकांत माळेगांवानेंही आपला कारखाना उभारला.

या पाण्याची दुसरी बाजू तर एखाद्या शोकान्त नाटकाला पुरेल अशी आहे. पाटाचें पाणी वारेमाप दिल्यानें काळ्या जमिनींत निचरा होईना. खालचा क्षार वर आला. पांढऱ्या फटफटीत झालेल्या रानांत गवतही धरेना. नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींवर डॉ. हॅरोल्ड मॅन आणि ताम्हाणे यांची पुस्तिका शेतकीखात्यानें १९१० सालींच प्रसिद्ध केली होती. पाणी नाहीं म्हणून बुडालेला शेतकरी पडद्यावर शेंकडों वेळां आला असेल. पाणी फार झाल्यामुळें बुडालेला शेतकरी मीं तेथें पाहिला नाहीं. कपाळावर आडवा हात धरून कोरड्या ढगांकडे पाहणारा म्हातारा काढणें सोपें. पाळीपत्रकाची वाट पाहत रात्रीं दोन वाजतां कंदील घेऊन दारें धरायला निघालेला माणूस काढण्यास तो आधीं पाहावा लागतो.

स्वातंत्र्याच्या वर्षीं, १९४७ सालीं, ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला आणि लावणीनें पडदा जिंकला. ती कथा पेशवाईंतील शाहिराची. तीत फड असावा हें योग्यच होतें. पण त्याच्या यशानें एक वाट पडली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ सालीं निघाला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहांत दोन वर्षांहून अधिक काळ चालला. त्या सालीं आमच्या पाटाच्या पाण्याला पाऊणशें वर्षें होत आलीं होतीं. १९७२ च्या ‘पिंजरा’ची गंमत तर अशी कीं, तमाशाच्या नादानें धुळीस मिळालेला तो आदर्श मास्तर मुळीं मराठी मातींत उगवलेलाच नाहीं, १९३० सालच्या ‘ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटांतल्या प्राध्यापकाला धोतर नेसवून तो केलेला आहे. चित्रपट म्हणून ‘पिंजरा’ देखणा आहे, गाणीं तर अवीट आहेत. परंतु खऱ्या तमाशावर अन्याय व्हायचा तो झालाच. नारायणगांवच्या राहुट्यांत चैत्राच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, आणि शेंदीडशें माणसांचा संसार पाठीवर घेऊन फड गांवोगांव हिंडतो. त्या कष्टाच्या धंद्याचें पडद्यावर काय झालें? घरें मोडणारी एक बाई, एवढेंच.

हें असें कां व्हावें? शहरच्या लोकांनीं खेड्याची थट्टा केली, असें म्हणून मोकळें होतां येईल. पण तें उत्तर अपुरें आहे. पुन्हां आयर्लंडकडे पाहूं. तेथें १९२९ सालीं शॅनन नदीवर आर्डनाक्रशा येथें मोठें वीजकेंद्र सुरू झालें होतें, आणि १९४६ पासून खेडोपाडीं वीज नेण्याचें काम चाललें होतें. अशा वेळीं, १९५२ सालीं, जॉन फोर्डचा ‘द क्वायट मॅन’ आला. त्यांत गवतानें शाकारलेलीं घरें, तांबड्या केसांची तापट तरुणी, दारूचा गुत्ता, आणि गांवभर चाललेली गमतीची मारामारी. दिग्दर्शनाचें ऑस्कर त्याला मिळालें. फोर्डचे आईबाप आयर्लंड सोडून अमेरिकेस गेलेले होते. जो देश सोडून जातो, त्याच्या मनांत देशाचें घड्याळ निघण्याच्या क्षणीं बंद पडतें. तेंच बंद घड्याळ फोर्डनें पडद्यावर टांगलें, आणि अमेरिकेंतल्या लक्षावधि आयरिश घरांनीं तें डोळे भरून पाहिलें.

आमची अमेरिका म्हणजे गिरणगांव. सातारा, कोल्हापूर, पुणें, कोंकण या भागांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला माणूस लालबाग-परळच्या चाळींत राहून मनानें गांवींच असे. त्याला हवें होतें तें त्यानें सोडलेलें गांव. आपण गेल्यावर तेथें कालवा आला, संस्था निघाली, भावानें मोटर बसविली, हें त्याला दिवाळीच्या सुटींत कळे, पण स्वप्नांत येत नसे. दादा कोंडके यांचें मूळ गांव भोरकडचें, जन्म मुंबईंतील गिरणीकामगाराच्या घरचा. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून त्यांनीं जो भाबडा, ढगळ विजारीचा गांवकरी उभा केला, त्याच्यावर हंसणारे लोक त्याच्याच नात्यांतले होते. आणि तंबूंतल्या सिनेमांत आम्ही गांवकरीही हंसत होतों, हें कबूल करण्यांत मला कमीपणा वाटत नाहीं. हिंदी चित्रपटांनीं मराठी माणसाला दोनच जागा नेमून दिल्या, भांडीं घासणारी बाई आणि सलाम ठोकणारा हवालदार. त्याबद्दल आपण रागावतों, तें योग्यच आहे. पण आपल्या पडद्यावरचा खेडूत आपणच घडविला.

आतां पाटलाकडे वळूं. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी महाराष्ट्रांत कायद्यानें रद्द झाली ती १९६२ च्या अधिनियमान्वयें. १ जानेवारी १९६३ पासून तो लागू झाला. त्याच्या आदल्याच वर्षीं, १ मे १९६२ रोजीं, जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. म्हणजे सत्ता वाड्यांतून उठून कचेरींत, पतपेढींत आणि कारखान्यांत जाऊन बसली होती. पडद्यावरचा पाटील मात्र पुढें तीस वर्षें मिशीला पीळ देत, परक्या बायकांना वाड्यावर बोलावीत राहिला. नाटकसिनेमांतून हें काम निळू फुले यांच्या वांट्यास इतकें आलें कीं, त्यांच्या आवाजाची नक्कल हीच पाटलाची ओळख झाली. स्वतः हा मनुष्य राष्ट्र सेवा दलांत वाढलेला, एके काळीं बागेंत माळीकाम केलेला, आणि चळवळींसाठीं पदरमोड करणारा!

बदललेली सत्ता ओळखली ती ‘सामना’नें. १९७५ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत गेलेला हा चित्रपट विजय तेंडुलकरांनीं लिहिला, रामदास फुटाणे यांनीं निर्माण केला, आणि डॉ. जब्बार पटेल यांनीं दिग्दर्शित केला. डॉक्टरांचा दवाखाना आमच्या शेजारच्या दौंडचा. ऊंसाच्या मुलखाची नाडी त्यांच्या हाताखालून गेलेली होती. त्यांतला हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखाना चालवितो. शाळा, रस्ते, उपकार आणि दहशत एकाच हातानें वांटतो. फुल्यांनीं त्याला असा रंगविला कीं, त्याचा राग येतो आणि त्याच्या कर्तृत्वाचें कौतुकही वाटतें. हें खरें चित्र होतें. दुर्दैव असें कीं, त्याचाही लगेच सांचा झाला. पुढच्या चित्रपटांतील पाटलांनीं घोडा सोडून जीप घेतली, पागोटें काढून पांढरी टोपी घातली, आणि ‘चेअरमन’ ही शिवी होऊन बसली.

माळेगांवच्या माणसाला हें पाहतांना हंसूं येतें, त्याचें कारण आहे. येथील कारखान्याची निवडणूक ज्यानें पाहिली आहे, तो सभासदाला मुका म्हणणार नाहीं. पारावर उताऱ्याचे आंकडे, उचलीचा दर, कर्जाचें व्याज तोंडपाठ सांगणारीं माणसें बसलेलीं असतात. २०१५ सालीं त्यांनीं सत्तेवरचें पॅनेल पाडलें, आणि २०२० सालीं पुन्हां पारडें फिरविलें. ही सत्ता निर्मळ आहे, असा माझा दावा नाहीं. पण तीत भांडण आहे, हिशेब आहे, लांच आहे, विद्वत्ता आहे, नात्यागोत्याचा गुंता आहे. मिशीच्या पिळांत तें सगळें मावत नाहीं.

पाटलापेक्षांही भाषेचें नुकसान मला मोठें वाटतें. लंडनच्या रंगभूमीनें शतकानुशतकें एक ‘नाटकी आयरिशमन’ बाळगला. त्याचे हेल कोणत्याही आयरिश परगण्यांत ऐकूं येत नसत. १९०७ सालीं डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहांत सिंग या आयरिश नाटककाराच्या नाटकावर प्रेक्षक उठले, त्यामागें आपल्याच माणसानें आपलें विडंबन केलें ही वेदना होती, मग ती त्या नाटकापुरती न्याय्य असो वा नसो. आणि २०२० सालीं ‘वाइल्ड माउंटन थाइम’ची नुसती झलक दिसतांच तिच्यांतल्या बोलण्यावर आयर्लंडभर हंशा पिकला. आमच्याकडेही अशीच एक ‘ग्रामीण’ भाषा स्टुडिओंत तयार झाली. थोडी कोल्हापूरची, थोडी तमाशांतल्या सोंगाड्याची. ‘जी’ आणि ‘आरं’ यांची फोडणी दिलेली. ती बारामतीची नव्हे, नगरची नव्हे, माणदेशची तर नव्हेच. पुढें शाळेंत शिकणाऱ्या आमच्या पोरांनीं तोंड उघडलें कीं शहरांतल्या वर्गांत खसखस पिके, ती त्या पडद्यावरच्या बोलीला. पण शरमेनें मान खालीं जाई ती पोरांची. मीही त्या बांकावर बसलों आहें. दोन वर्षें मीं वर्गांत प्रश्न विचारला नाहीं.

म्हणूनच नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ सालीं आला, तेव्हां मला प्रथम सुख झालें तें कानांना. डुकरें पकडणाऱ्या कैकाडी घरांतला पोर जसा बोलेल तसाच बोलत होता. भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ २०१५ सालीं प्रदर्शित झाला. मेंढरें घेऊन रान तुडविणारें धनगर कुटुंब त्यांत आहे, आणि असे वाडे दरसाल आमच्या रस्त्यानें जातात. २०१६ च्या ‘सैराट’चा मुलूख म्हणजे आमच्या इंदापूरपलीकडचा, उजनीच्या पाण्याच्या त्या कांठचा करमाळा तालुका. तेथेंही पाटील आहे. पण तो निवडणुकींतला पाटील आहे. त्याची मुलगी घागर घेऊन पाणवठ्यावर जात नाहीं, ट्रॅक्टर चालविते. शेवटीं जें घडतें तें कोणत्याही जुन्या सावकारापेक्षां भयंकर आहे, आणि तें आजचें आहे.

दिवाळीच्या आगेंमागें माळेगांवच्या कारखान्याभोंवतीं पालें पडतात. बीड-नगरकडचे ऊंसतोडकरी जोडप्यानें येतात. पहांटे थंडींत कोयता लागतो, बाई मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते, मागें पाचटांत लेंकरूं निजलेलें असतें. शंभर वर्षांच्या मराठी पडद्यानें या पालांकडे जेवढें पाहिलें, त्याच्या कितीतरी पट वाड्याकडे पाहिलें.

आयर्लंडांत मेयो परगण्यांतील काँग या गांवीं ‘द क्वायट मॅन’मधल्या घराची प्रतिकृति करून ठेवली आहे; प्रवासी येतात, गवती छपराखालीं उभे राहून छायाचित्र काढवितात. करमाळ्याकडेही ‘सैराट’नंतर त्यांतलें वाळलेलें झाड आणि विहीर पाहण्यास लोक मोटारी घेऊन जाऊं लागले. परततांना, हंगाम चालू असेल तर, इंदापूर-बारामतीच्या रस्त्यांवर त्यांची मोटार ऊंसाच्या ट्रॉल्यांमागें अडकते आणि मैल-मैल पुढें निघत नाहीं. तेवढ्या वेळांत कोणी काच खालीं केली, तर मळीचा वास आंत येतो.