मराठवाड्यात १७ सप्टेंबरला पुन्हा झेंडावंदन का होतं? या दिवसाच्या नावात दडलेला इतिहास

शाळेत असताना जिंतूरच्या पोरांना एक गोष्ट फारच भारी वाटायची. १५ ऑगस्टचा कडक इस्त्रीचा ड्रेस महिनाभरात परत बाहेर यायचा. १७ सप्टेंबरला पुन्हा झेंडा, पुन्हा भाषणं, पुन्हा प्रभातफेरी. पुण्याच्या आतेभावाला हे सांगितलं की तो हसायचा. "तुमच्याकडे दोनदा स्वातंत्र्य मिळालं का रे?"

त्याला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आता देतो. कारण दर सप्टेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर तोच प्रश्न फिरतो आणि सोबत चुकीची उत्तरंही फिरतात. कुणी लिहितं की मराठवाडा १९४८ पर्यंत इंग्रजांकडे होता. कुणी तर थेट पाकिस्तानात होता म्हणून सांगतं. दोन्ही चूक.

लोणार स्वतंत्र, जिंतूर नाही

जिंतूरहून उत्तरेला निघालं की वऱ्हाड लागतं. लोणारचं सरोवर बघायला आपण सहज जाऊन येतो आणि वाटेत जिल्हा बदलला हे लक्षातही येत नाही. पण १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी या दोन गावांच्या मध्ये एक सरहद्द होती. लोणार मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या थेट कारभारात होतं. त्या दिवशी ते स्वतंत्र भारतात आलं. जिंतूर मात्र परभणी जिल्ह्यात, आणि परभणी हैदराबाद संस्थानात. इथे राज्य होतं सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं.

ही रेघ आली कुठून? १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या देण्यामुळे वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मराठवाडा त्याच्याकडेच राहिला. म्हणजे जुन्या उधारीच्या हिशेबाने ठरवलं की कुणाच्या गावात झेंडा कधी लागणार.

आणखी गंमत म्हणजे, निजामाचं राज्य ज्या लढाईतून उभं राहिलं ती याच पट्ट्यात झाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला १७२४ मध्ये पहिल्या निजामाने मुबारिझ खानाचा पराभव केला आणि दख्खनचा कारभार स्वतःकडे घेतला. तिथून १९४८ पर्यंत २२४ वर्षं.

संस्थान म्हणजे छोटा देशच

हैदराबाद हे देशातल्या सगळ्यात मोठ्या संस्थानांपैकी एक होतं. लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या घरात. जिल्हे १६. त्यात ८ तेलुगू, ५ मराठी आणि ३ कन्नड. मराठी जिल्हे म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे फार नंतरचे. संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, त्याला हाली सिक्का म्हणत. स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल, स्वतःचं सैन्य. परभणीवरून जाणारी मनमाड-काचीगुडा लाईन ही त्याच निजामाच्या रेल्वेची.

कारभाराची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून. मराठी घरातल्या पोराला कोर्टाचा कागद वाचायलासुद्धा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं. सभा घ्यायची तर आधी परवानगी. त्यासाठीचा 'गश्ती निशाण ५३' हा हुकूम जुन्या माणसांच्या आठवणींमध्ये वारंवार येतो. म्हणून इथलं राजकारण सुरू झालं ते शाळा आणि वाचनालयांमधून. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी ही त्यातली मोठी नावं. या दोन्ही ठिकाणी शिकवणारे एक मास्तर संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढे सगळ्या लढ्याचे नेते बनले.

१९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला झालं. परतूर आज जालन्यात आहे, पण तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती. ती स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली! मग सत्याग्रह झाला. त्याच वर्षी वसतिगृहात 'वंदे मातरम' म्हटलं म्हणून शेकडो विद्यार्थ्यांना कॉलेजातून काढलं गेलं. त्यातल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्या मुलांमध्ये पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक तेलुगू विद्यार्थीही होता. हो, तेच, नंतरचे पंतप्रधान.

१५ ऑगस्ट उजाडला, मग पुढे?

इंग्रज जाताना संस्थानिकांना मोकळे करून गेले. भारतात या किंवा पाकिस्तानात जा, असं ठरलेलं होतं. निजामाने तिसराच रस्ता धरला. आपण स्वतंत्रच राहणार, असं त्याने जाहीर केलं. चारही बाजूंनी भारत आणि मधोमध वेगळा देश, असा तो नकाशा.

१५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादच्या सुलतान बाजारात तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. वर्षभर आहे तसंच चालू द्यायचं, असा त्याचा मतलब. पण गावात काहीच जैसे थे राहिलं नाही.

लातूरला वकिली केलेला कासीम रझवी तोवर इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा अध्यक्ष झाला होता. तिची निमलष्करी फौज म्हणजे रझाकार. लूट, जाळपोळ, खून. मराठवाड्यात आजही कुणी दांडगाई करायला लागला तर म्हातारी माणसं म्हणतात, "काय रझाकारी लावलीस?" शब्द राहिला, त्यामागची भीती हळूहळू पुसत गेली.

एक गोष्ट मात्र फॉरवर्ड मेसेजमध्ये कधीच नसते. रझाकारांना विरोध करणाऱ्यांमध्ये मुसलमानही होते. 'इमरोज' या उर्दू वर्तमानपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हावं असं उघडपणे लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादमध्ये रस्त्यावर त्यांचा खून झाला.

दुसऱ्या बाजूने सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची केंद्रं उभी राहिली. मनमाड, बार्शी, उमरखेड, अशी. तिथून कार्यकर्ते आत यायचे. करोडगिरी नाके उडवायचे, रेल्वेचे रूळ उखडायचे, पोलीस ठाण्यांवर हल्ले करायचे. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचं नाव या सगळ्यात घेतलंच पाहिजे. शाळेच्या भाषणात आम्ही तेच ते चार पुरुष नेते पाठ करायचो. त्या कुणाला माहीत नव्हत्या.

पाच दिवस आणि एक खेळ

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मुख्य तुकडी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आलं. इतर तुकड्या वेगवेगळ्या दिशांनी आल्या. १५ तारखेला औरंगाबाद पडलं. १७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली.

मोहिमेचं नाव होतं 'ऑपरेशन पोलो'. हैदराबादमध्ये पोलोची मैदानं फार होती, म्हणून हे नाव पडलं असं सांगितलं जातं. सरकारी भाषेत मात्र ही लढाई नव्हतीच. ती 'पोलीस कारवाई' होती. कारण उघड आहे. युद्ध दोन देशांत होतं आणि हैदराबाद हा वेगळा देश आहे हेच भारताला मान्य नव्हतं. निजामाने तेव्हा संयुक्त राष्ट्रांकडेही तक्रार केली होती, त्यामुळे शब्द जपून वापरणं भाग होतं.

गावाकडे तो शब्द 'पोलीस ॲक्शन' म्हणून रुजला. जन्मतारीख माहीत नसलेले आजोबा सांगायचे, "मी पोलीस ॲक्शनच्या साली दहाएक वर्षांचा असेन."

एक दिवस, चार नावं

आता खरी मेख. १७ सप्टेंबर हा दिवस आज तीन राज्यांत पाळला जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव वेगळं आहे. उत्तर कर्नाटकात तो 'विमोचन दिन' होता, आता 'कल्याण कर्नाटक उत्सव' झाला आहे. तेलंगणात तर सरकार बदललं की नाव बदलतं. २०२२ मध्ये तिथल्या राज्य सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' साजरा केला, त्याच दिवशी त्याच शहरात केंद्र सरकारने 'हैदराबाद मुक्ती दिन' साजरा केला. २०२४ मध्ये नव्या सरकारने त्याला 'प्रजा पालन दिन' म्हटलं.

मराठवाड्यात नाव आहे 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. यातला 'संग्राम' महत्त्वाचा. नुसतं 'मुक्ती' म्हटलं की वाटतं कुणीतरी बाहेरून आलं आणि सोडवून गेलं. 'विलीनीकरण' म्हटलं तर दोन सरकारांमधला कागदी व्यवहार. 'पोलीस कारवाई' म्हटलं तर पाच दिवसांची गोष्ट. 'संग्राम' म्हटलं की परतूरच्या अधिवेशनापासूनची ११ वर्षं हिशेबात येतात. माझ्या मते हेच नाव जास्त प्रामाणिक आहे. मात्र एका अटीवर. त्या सप्टेंबरनंतर काय झालं तेही सांगितलं पाहिजे.

कारण फौजा आल्यानंतर अनेक गावांत सूड उगवला गेला. रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली मुसलमान कुटुंबं त्यात मारली गेली. चौकशीसाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवण्यात आलं. त्यांच्या अहवालाने मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे दोन मराठी जिल्हे होते. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. आमच्या कुठल्याही भाषणात तो नव्हता.

आणि ज्याच्याविरुद्ध लढा होता त्या निजामाचं काय झालं? २६ जानेवारी १९५० ला त्याला हैदराबाद राज्याचा राजप्रमुख नेमण्यात आलं! १९५६ पर्यंत तो त्या पदावर होता. रझवीला तुरुंगवास झाला, १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला.

मग सुट्टी असते की नाही?

राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत १७ सप्टेंबर नसतो. त्यामुळे पुण्या-मुंबईत ऑफिस चालू असतं आणि आतेभावाला काही कळत नाही. मुख्य शासकीय झेंडावंदन छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभाजवळ होतं. परंपरेने मुख्यमंत्री येतात, आणि मराठवाड्याच्या पाण्याचे, रेल्वेचे, अनुशेषाचे प्रश्न त्या दिवशी हमखास निघतात.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचा भाग झाला. निजामाचा कारभार मात्र पूर्ण संपलेला नाही. २०२३ पासून मराठा आरक्षणाच्या आंदोलनात 'निजामकालीन नोंदी' हा शब्द घराघरात पोचला. २ सप्टेंबर २०२५ ला राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटचा आधार घेण्याचा शासन निर्णय काढला. तेव्हापासून उर्दू आणि मोडी वाचता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा मराठवाड्यात पुन्हा शोध सुरू आहे.