तुरुंगाच्या दाराशी उभे असलेले घर

मराठी वाङ्मयाला तुरुंगाने पुष्कळ काही दिले आहे. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' मंडालेच्या बंदिवासात लिहिले गेले. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवतरली. भिंतीआडच्या माणसाचे मन आपण असे जाणत आलो. परंतु भिंतीबाहेर, हातात पिशवी घेऊन मुलाखतीसाठी ताटकळणाऱ्या आईचा वा पत्नीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तिचे प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच आहेत. माझ्या माणसाला कोणाबरोबर ठेवले आहे? त्याला काय देता येईल? भेट केव्हा होईल? तो घरी कधी येईल?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे १८९४ च्या कारागृह अधिनियमाने घालून दिली. स्त्रियांना पुरुषांपासून आणि खटला चालू असलेल्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवावे, असे त्याने ठरविले. ज्याला आपण 'कच्चा कैदी' म्हणतो त्याला, तपासणीच्या अटीवर, घरचे अन्न, कपडे व अंथरूण घेण्याची मुभा दिली. 'पक्क्या' कैद्याच्या वाट्याला तुरुंगाचेच अन्नवस्त्र आले. भेटीची तरतूदही त्यात होती, पण तिची वेळ व बंधने सरकारी नियमांवर सोपविली होती. परकीय सत्तेच्या त्या काळात घरच्यांची भेट ही अधिकाऱ्याच्या मर्जीतून मिळणारी सवलत समजली जाई.

ही समजूत हलविणारा एक खटला आपल्या मुंबईतच उभा राहिला. प्रभाकर संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले आणि प्रकाशनासाठी ते पत्नीकडे पाठविण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. स्थानबद्धतेच्या नियमांत अशी सवलतच नाही, मग हक्क कुठला, असा सरकारचा युक्तिवाद होता. उच्च न्यायालयाने तो मानला नाही आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळला. नियमांनी जे काढून घेतलेले नाही ते बंदिवानाचेच राहते, हा त्या निर्णयाचा गाभा. एका हस्तलिखिताने तुरुंगाची वाट ओलांडली आणि 'सवलत' या शब्दाचा ताठा उतरला.

पुढचे पाऊल एका लहान मुलीमुळे पडले. दिल्लीच्या तिहार तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका ब्रिटिश महिलेला आपल्या सुमारे पाच वर्षांच्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येई. खटला चालू असलेल्या इतर कैद्यांना मात्र आठवड्यातून दोन भेटी मिळत. फ्रान्सिस कोराली मलिन खटल्यात १९८१ साली न्यायमूर्ती भगवती यांनी ही मासिक मर्यादा रद्द ठरविली. घरच्यांना आणि वकिलाला भेटणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीवनाच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्या निर्णयाने सांगितले. २००६ साली तुरुंगात वाढणाऱ्या मुलांचाही विचार झाला. सहा वर्षे वयापर्यंत त्यांना आईजवळ राहता यावे आणि तुरुंगात जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाचे नाव पडू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड. खटला चालू असेल तर वाट जामिनाची. शिक्षा झाल्यावर रजेचे दोन प्रकार येतात, आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. 'संचित रजा' म्हणजे फर्लो. ती ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर, घराशी नाते तुटू नये म्हणून मिळते. अटी पाळल्यास ते दिवस शिक्षेत धरले जातात. 'अभिवचन रजा' म्हणजे पॅरोल. ती आजारपण, मृत्यू अशा निकडीसाठी असते व ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. आपल्या राज्यात या रजांचे नियम १९५९ साली झाले व पुढे वेळोवेळी बदलले. मात्र अर्ज केला म्हणजे रजा मिळेलच असे नाही. नकार मिळाल्यास त्याचे कारण विचारावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

वकिलाला पैसे नसतील तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीला मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा.

कायद्याने दिलेले हे सारे घेण्याच्या आड बहुधा लाज येते. मुलगा 'गावाला गेलाय' असे शेजाऱ्यांना सांगणारे घर कोणापाशी प्रश्न विचारणार? बंदिवानाची भेट ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत गणली आहे. त्या भेटीची सुरुवात तुरुंगाच्या दारापासूनच व्हावी असे नाही. आपल्याच धर्मग्रामातील त्या घराचा उंबरठा आधी ओलांडावा, अर्ज लिहून द्यावा, मुलाखतीच्या दिवशी त्या माउलीसोबत रांगेत उभे राहावे. घरच्यांचे हक्क कागदावर यायला इतकी वर्षे लागली. ते कागद त्यांच्या हाती पोहोचविणे एवढे तरी आपल्याकडून व्हावे.