प्रस्तावना : महानगराची वाहतूक, वॉर्डाचा आवाज

वाहतूक नियोजन हा अभियंत्यांचा प्रांत, असे मानून सामान्य वाचक या विषयापासून दूर राहतो. पण गिरगाव, परळ, लालबाग किंवा दादरमध्ये ज्याने आयुष्य काढले, त्याला यातले निम्मे प्रश्न आधीच ठाऊक असतात. स्थानक कुठे व्हावे, पूल कधी पाडावा, कोणाची चाळ जावी हे कोण ठरवते? आणि ते ठरते त्या बैठकीत तिथल्या माणसाच्या वतीने कोणी बसलेले असते का? या अभ्यासक्षेत्राचा गाभा हाच आहे.

त्याची मुळे जुनी आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. महापालिकेने निवडून दिलेले विश्वस्त त्यात अल्पसंख्य होते. अशा पाडकामाचे टीकाकार पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी वस्ती पायी फिरून समजून घ्यावी, मग नकाशाला हात घालावा, हा त्यांचा आग्रह. बेस्टची वाट वेगळी. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ट्राम, बस आणि वीज महापालिकेच्या ताब्यात आली. त्यानंतर लालबागच्या बसमार्गाची तक्रार थेट बेस्ट समितीत मांडण्याची सोय झाली.

पुढे शहर वॉर्डाच्या हिशेबात मावेना. विरारहून, कल्याणहून लोक रोज दादरला उतरू लागले. १९७५ मध्ये प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे आजचे एमएमआरडीए, आले ते या गरजेतून. आज त्याच्या क्षेत्रात नऊ महापालिका आहेत. प्राधिकरणावर मुंबईच्या महापौरांना जागा आहे, पण सूत्रे राज्य सरकारकडे. यावर उतारा म्हणून ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांच्या लोकनिर्वाचित प्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये तसा कायदाही केला. तरी मोठे प्रकल्प मुख्यतः प्राधिकरणे आणि सरकारी कंपन्याच ठरवत राहिल्या. मार्च २०२२ नंतर तर जवळजवळ चार वर्षे मुंबई महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता.

या रचनेचा अर्थ गिरगावात कळतो. कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रो बांधणारी कंपनी केंद्र आणि राज्य यांच्या समान भागीदारीची. गिरगाव-काळबादेवीतल्या इमारती स्थानकांसाठी जाणार हे कळले तेव्हा, २०१५ मध्ये, रहिवासी रस्त्यावर उतरले. पुनर्वसन इथेच हवे, ही त्यांची मागणी. ती मान्य झाली, पण मार्गरेखा ठरून गेल्यावर, आणि आंदोलनाच्या जोरावर. तिकडे पेडर रोडच्या उड्डाणपुलाला मंगेशकर भगिनींसह तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. तो पूल आजवर झालेला नाही. त्याची कारणे एकापेक्षा जास्त असतील. तरी कोणत्या वस्तीचा आवाज किती लवकर वर पोहोचतो, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही.

परळ त्याहून अवघड प्रश्न विचारते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि गिरणगावाच्या स्थानकांवर नवी गर्दी लोटली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. स्थानिक खासदारांनी रेल्वेमंत्र्यांकडे नव्या पुलाची मागणी आधीच केली होती. म्हणजे प्रतिनिधी होते, पत्रेही गेली होती. अधिकार मात्र दुसरीकडे होता. शिवाय त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांपैकी पुष्कळांचे मत परळमध्ये नसते. गिरगावच्या भाडेकरूला मत आहे, पण निर्णयात जागा नाही. डोंबिवलीहून परळला येणाऱ्या कारकुनाला तिथे मतही नाही. आपली लोकशाही माणसाला त्याच्या राहत्या पत्त्यावरून मोजते आणि वाहतूक तर तो पत्ता सोडूनच सुरू होते. त्यामुळे ‘स्थानिकांना विचारा’ एवढ्यावर भागत नाही. स्थानिक म्हणजे कोण, हे प्रत्येक प्रकल्पात नव्याने ठरवावे लागते. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना रस्त्यावरचा पूल वाहतुकीला बंद झाला, तेव्हा लगतच्या इमारतींतले रहिवासी, परळच्या रुग्णालयांत येणारे रुग्ण आणि अटल सेतूवरून येणारे मोटारवाले, सगळेच त्या निर्णयाचे वाटेकरी होते. त्यांच्या मागण्यांचे वजन सारखे धरायचे का, यावर अभ्यासकांत एकमत नाही आणि व्हावे अशी घाईही नको.

या क्षेत्रात येणाऱ्याला गणित थोडे लागते, चिकाटी फार. अमेरिकेत शेरी अर्न्स्टीनने १९६९ मध्ये नागरी सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या; नुसते कळवणे आणि सत्तेत वाटा देणे यांतले अंतर त्यातून नेमके दिसते. ती मोजपट्टी घ्या आणि आपल्या जवळचा एखादा प्रकल्प निवडा. मार्ग कधी ठरला, सूचना कधी निघाली, हरकती कधी मागवल्या, या तीन तारखा शोधून एकाखाली एक लिहा. हरकतींची तारीख शेवटची निघाली, तर पुढची प्रकरणे कशाबद्दल आहेत हे वेगळे सांगावे लागणार नाही.