काचपट्टीवरची साक्ष

सन १९१३ च्या ऑक्टोबर महिन्यात एक ग्रीक जोडपे न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. नवरा जॉर्ज पापानिकोलाऊ, अथेन्सला वैद्यक शिकलेला आणि म्यूनिकला प्राणिशास्त्राची पदवी घेतलेला. बायको आंद्रोमाखी, तिला सारे मेरी म्हणत. गाठीला पैसा बेताचा, मुलूख परका, भाषा परकी. पोटासाठी डॉक्टरसाहेब एका मोठ्या दुकानात गालिचे विकायला उभे राहिले आणि मेरीबाई आठवड्याला ५ डॉलरवर कपड्यांना बटणे शिवू लागल्या.

सणासुदीला हे दुखण्याखुपण्याचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीच्या चार दिवसांत पहाटेपासून राबणाऱ्या बाईला ‘तुझी प्रकृती कशी आहे?’ असे विचारायला घरात कोणाला सवड असते? म्हणूनच ही कथा सांगावीशी वाटली.

पुढच्याच वर्षी पापानिकोलाऊंना कॉर्नेलच्या वैद्यकीय विद्यालयात काम मिळाले. तेथे ते गिनिपिगच्या माद्यांवर संशोधन करीत होते. योनिमार्गातील स्राव काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहिला, तर पेशींचे रूप दिवसागणिक पालटते आणि त्यावरून मादीचे ऋतुचक्र ओळखता येते, असे त्यांना आढळले. १९१७ साली हे प्रसिद्ध झाले. आता प्रश्न होता मनुष्यजातीचा. वर्षानुवर्षे, न कंटाळता असा नमुना कोण देणार? ती बाई घरातच होती. मेरीबाईंनी हे काम सुमारे २१ वर्षे केले. प्रयोगशाळेत नवऱ्याच्या मदतनीसही त्याच.

पुढे १९२५ पासून डॉक्टर इस्पितळातील इतर स्त्रियांचे नमुने तपासू लागले. त्यांतल्या काही पट्ट्यांवरच्या पेशी निराळ्याच दिसल्या. निरोगी पेशी म्हणजे परातीत ठेवलेला वाटाणा: पसरट अंग आणि मध्ये इवलेसे केंद्रक. या पेशींतला वाटाणा फुगून, काळवंडून, परात व्यापू पाहत होता. त्या स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होता.

१९२८ साली बॅटल क्रीक या गावी भरलेल्या परिषदेत त्यांनी हे सांगितले. त्याच सुमारास रुमानियात आउरेल बाबेश हेही स्वतंत्रपणे असेच काही सांगत होते. कोणी फारसे मनावर घेतले नाही. मांसाचा तुकडा काढून तपासण्याची रीत असताना सुट्या पेशींच्या मागे का लागावे, असे जाणत्यांचे म्हणणे. पण तुकडा कोणाचा काढणार? जिला त्रास जाणवून ती डॉक्टरकडे आली, तिचाच ना! तोवर बहुधा उशीर झालेला असे. पापानिकोलाऊ आपल्या कामाला चिकटून राहिले. १९४१ साली हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञांसह त्यांनी निबंध लिहिला, १९४३ साली ग्रंथ काढला, आणि मग जग वळले. पेशींवरून रोग ओळखणारे विकृतिशास्त्र, म्हणजे पॅथॉलॉजी, आजारी बाईच्या खाटेपाशी होते, ते धडधाकट बाईच्या दाराशी आले. जेथे ही तपासणी नेमाने होऊ लागली, त्या देशांत या रोगाचे मृत्यू पुष्कळ घटले.

आपल्याकडे मुंबईत परळला १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक, याचा त्यांनी बारकाईने शोध घेतला. पण परळ म्हणजे काही सारा महाराष्ट्र नव्हे. खेड्यात काचपट्टी वाचणारा जाणता डोळा कोठून आणावा? आणि ती वाचायची एकदा नव्हे, वरचेवर.

दरम्यान रोगाचे मूळ सापडले होते. हाराल्ड त्सुर हाउजेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पॅपिलोमा जातीचा विषाणू दाखवला. त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २००६ पासून या विषाणूविरुद्ध लसही निघाली आहे.

या ज्ञानाची कसोटी मराठवाड्यात लागली. १९९९ साली त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांचे हे काम. एका गटाची विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची काचपट्टीने, तिसऱ्याची सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्याला माहिती तेवढी दिली. आठ वर्षांनी हिशेब झाला. चौथ्या गटात या रोगाने ६४ जणी गेल्या होत्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या विषाणू-तपासणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीचा हा गुण! दुसऱ्या व तिसऱ्या गटांत मात्र ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. चौथ्या गटाला तपासणीविना का ठेवले, असा सवाल पुढे काही तज्ज्ञांनी केला. तो विचारायलाच हवा होता. ते ६४ आकडे नव्हते. घरोघरच्या बायका होत्या.

‘दुखणे अंगावर काढणे’ हा आपल्याकडे बायकांचा सद्गुण मानला गेला. अंगावर पांढरे जाते, मध्येच रक्त दिसते, हे सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची त्याहून लाज. आणि या रोगाची रीत अशी, की आरंभी तो दुखतच नाही. पेशी बिघडू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. एवढा अवधी देणारे वैरी थोडेच. त्या मुदतीत शरीर मुके असते. बोलते ती तपासणी. पण तिच्यापर्यंत बाईने यावे लागते आणि घरच्यांनी तिला येऊ द्यावे लागते.

पापानिकोलाऊ १९६२ साली वारले. त्यांच्या नावाचा आद्याक्षरांचा तुकडा घेऊन ती तपासणी आजही ‘पॅप’ म्हणून जगभर ओळखली जाते. मेरीबाईंचे नाव तिच्यात कोठे नाही. पण साऱ्या शास्त्राला पहिला धडा दिला तो त्यांनी, न लाजता आणि न कंटाळता. यंदा भाऊबीजेला बहिणीच्या ताटात काय घालावे, असा ज्यांना प्रश्न पडला असेल, त्यांनी तिला एवढेच म्हणावे, ‘ताई, तपासणीला चल, मी सोबत येतो.’